चाकांवरचे घर : हवा आणि वीज

तामिळनाडूत कुंभकोणमपासून सुमारे दहा किलोमीटरवर नाचियारकोविल हे गाव आहे. पितळी समया घडविणाऱ्या कारागिरांमुळे ते प्रसिद्ध असून येथील समयांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. गावातील विष्णुमंदिरात गरुडाची पाषाणमूर्ती आहे. उत्सवात ही मूर्ती प्रथम चार जण उचलतात. मात्र ती जसजशी बाहेर येते तसतसे तिचे वजन वाढते आणि वाहणाऱ्यांची संख्या आठ, सोळा, बत्तीस अशी वाढवावी लागते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले. त्यामुळे या परिसराविषयी मराठी माणसाला विशेष ओढ वाटते. पुण्याहून कोल्हापूर, हुबळी, बंगळूरुमार्गे येथवर येण्यास सुमारे बाराशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. अशा लांबच्या प्रवासासाठी झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतेची सोय असलेली गाडी, म्हणजेच कॅरॅव्हॅन, हा एक पर्याय आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले.

गरुडाचे वजन वाढले, तर वाहणारे खांदे वाढतात. कॅरॅव्हॅनचे तसे नसते. तिच्या टाकीत शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो वजन वाढते. त्यात सामान व माणसांची भर पडते. चाके मात्र तेवढीच राहतात. शिवाय मुक्कामाच्या ठिकाणी हे घर अनोळखी प्लगमधून वीज घेते. टायरमधील कमी हवा आणि गाडीच्या पत्र्यात उतरलेली वीज, हे दोन्ही धोके डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच ते ओळखणारी साधने घ्यावी लागतात. कोणते साधन कोणत्या धोक्यासाठी आहे, हे समजले तरच निवड योग्य होते.

टायरमधील हवेची राखण

हवा कमी असलेला टायर चालताना अधिक दबतो. प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजू वाकतात, आतील थर तापतात आणि अखेर टायर फुटू शकतो. मागे जोडचाके असल्यास धोका अधिक असतो. कारण एका टायरची हवा गेली तरी शेजारचा टायर दोघांचे ओझे वाहतो आणि चालकाला काहीच जाणवत नाही.

टायरचा दाब सतत मोजणाऱ्या यंत्रणेत प्रत्येक चाकावर एक सेन्सर असतो. तो दाब आणि तापमान मोजून चालकासमोरील पडद्याकडे बिनतारी संदेश पाठवतो. सेन्सर दोन प्रकारचे असतात. एक टायरच्या आत बसतो. तो चोरीपासून सुरक्षित राहतो, परंतु बसविण्यासाठी टायर काढावा लागतो. दुसरा व्हॉल्व्हच्या टोकावर टोपणासारखा बसतो. तो बसविणे सोपे असते, पण त्याच्या वजनाने रबरी व्हॉल्व्हला इजा होऊ शकते. त्यामुळे अशा सेन्सरसाठी धातूचा व्हॉल्व्ह असावा.

खरेदी करताना चार गोष्टी पाहाव्यात. सेन्सरची मोजण्याची मर्यादा आपल्या टायरच्या दाबाहून पुरेशी जास्त असावी. सर्व चाकांसाठी, शक्यतो स्टेपनीसाठीही, सेन्सर मिळावेत. गाडी लांब असल्यास संदेश पुढे पोहोचवणारे जोडयंत्र असावे. हवा अचानक गेल्यास वेगळा इशारा मिळावा.

इशाऱ्याची पातळी ठरवणेही महत्त्वाचे आहे. अमेरिकेत २००७ पासून हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची झाली. तेथील नियमानुसार दाब पंचवीस टक्के घटल्यावर इशारा मिळाला तरी चालतो. भरलेल्या कॅरॅव्हॅनसाठी हा इशारा उशिराचा ठरतो. दहा ते पंधरा टक्के घट होताच तो मिळणे हितावह असते.

योग्य दाब ठरवण्यासाठी सामान भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या व मागच्या आसाचे वजन वेगवेगळे करावे आणि उत्पादकाच्या तक्त्याशी ते ताडून पाहावे. दाब नेहमी थंड टायरचा मोजावा. २७ अंश सेल्सिअसला ६० पौंड भरलेला टायर चालून ५७ अंशांपर्यंत तापला, तर त्यातील दाब सुमारे ६७ पौंड होतो. ही वाढ नैसर्गिक आहे. जास्त हवा झाली असे समजून ती काढली, तर थंड झाल्यावर त्याच टायरमध्ये हवा कमी पडते. टायर जुना झाला आहे, हेही सेन्सर सांगत नाही. त्यासाठी टायरच्या बाजूवरील चार अंकी खूण पाहावी; २३२१ याचा अर्थ २०२१ या वर्षातील तेविसावा आठवडा.

विजेपासून संरक्षण

कॅरॅव्हॅन रबरी टायरांवर उभी असल्याने तिचा सांगाडा जमिनीपासून अलग राहतो. प्रवासाच्या धक्क्यांनी एखाद्या तारेचे आवरण घासले आणि ती पत्र्याला टेकली, तर पत्र्यात वीज उतरते. अर्थिंगची तार अखंड असेल, तर मोठा प्रवाह तिच्यातून परत जातो व एमसीबी वीज तोडते. ती तार तुटलेली असेल, तर पत्रा २३० व्होल्टवर राहतो. आत बसलेल्यांना काही कळत नाही. परंतु ओल्या जमिनीवर उभे राहून दाराची मूठ धरणाऱ्या माणसाच्या शरीरातून वीज जमिनीत जाते.

काही जण अर्थिंगऐवजी जमिनीत सळई ठोकतात. अशा सळईचा विरोध ५० ओहम धरला, तर तिच्यातून जेमतेम साडेचार अँपिअर प्रवाह वाहील. तेवढ्याने १६ अँपिअरची एमसीबी पडणार नाही आणि पत्र्यातील वीज तशीच राहील.

एमसीबी मुख्यतः तारांचे रक्षण करते. माणसाच्या रक्षणासाठी आरसीसीबी लागते. ती फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह यांची तुलना करते. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की ती क्षणार्धात वीज तोडते. घेताना १०० किंवा ३०० नव्हे, तर ३० मिलिअँपिअरचीच घ्यावी आणि तिच्यावरील चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे. मात्र बाहेरच्या प्लगमध्ये फेज आणि अर्थिंग यांची अदलाबदल झाली असेल, तर आरसीसीबीही वाचवू शकत नाही. कारण ती अर्थिंगची तार तोडत नाही. म्हणून जोडणी करण्यापूर्वीच जाणकाराकडून मल्टिमीटरने प्लग तपासून घ्यावा. फेज–न्यूट्रल व फेज–अर्थ या दोन्ही ठिकाणी सुमारे २३० व्होल्ट आणि न्यूट्रल–अर्थ येथे नाममात्र दाब दिसला पाहिजे.

पुरवठ्याची न्यूट्रल तार तुटल्यास विद्युतदाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. त्यासाठी दाब कमी-जास्त होताच वीज तोडणारे व पूर्ववत झाल्यावर काही मिनिटे थांबून जोडणारे साधन बसवावे. या थांबण्यामुळे वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर सुरक्षित राहतो. भाराचाही हिशेब करावा. १६ अँपिअरच्या प्लगवर ३६८० वॉट एवढाच भार चालतो. १२०० वॉटचे वातानुकूलन आणि २००० वॉटची इंडक्शन शेगडी चालू असताना १५०० वॉटची किटली लावली, तर मर्यादा ओलांडली जाते.

गाडीतील बारा व्होल्टच्या बॅटरीचा झटका बसत नाही. पण तिच्या तारा एकमेकींना टेकल्या तर आग लागू शकते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगतच असावा.

साधनांच्या मर्यादा

२७ एप्रिल २०२२ रोजी तंजावरजवळील कळिमेडू येथे मंदिराचा रथ उच्चदाबाच्या विद्युत तारेला लागून ११ जणांचा मृत्यू झाला. कॅरॅव्हॅनही उंच वाहन आहे. वरून जाणाऱ्या अशा तारेपासून तिच्यातील कोणतेही उपकरण रक्षण करू शकत नाही. त्यामुळे गाडी उभी करण्यापूर्वी वर पाहणे, सकाळी निघण्यापूर्वी थंड टायरचा दाब वाचणे आणि प्लग तपासूनच वायर जोडणे, ही तीन कामे माणसालाच करावी लागतात. विकत घेतलेली साधने या सवयींना पूरक ठरतात. त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.