‘यांना शिकायचंच नसतं’

‘मागवाल्यांच्या पोरांना शिकायचंच नसतं. दहावी झाली की कारखान्यात, नाहीतर गोदामात.’ यंत्रमागांच्या भिवंडीत हे वाक्य पालकसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत कुठेही कानावर पडतं. बोलणारे शिकलेले असतात, कधी कधी शिकवणारेही असतात, याचं जास्त वाईट वाटतं.

नववी-दहावीतलं मूल आपलं भविष्य आसपासच्या माणसांकडे बघून ठरवतं. भिवंडीत त्याला दिसतात बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालवणारे वडील आणि काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामात कामाला लागलेला शेजारचा दादा. वस्त्र-अभियंता किंवा संशोधक त्याच्या गल्लीत राहत नाही. जे काम करणारा माणूस कधी भेटलाच नाही, ते काम मागायचं कसं?

यावर शंका घेणाऱ्यांनी पश्चिम बंगालकडे बघावं. तिथे गावप्रमुखपद आळीपाळीने स्त्रियांसाठी राखीव झालं. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा यांनी ४९५ गावं तपासली आणि २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे दोन निवडणुकांत हे पद स्त्रीकडे गेलं, तिथे किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी घटली. शिक्षणातली तर मिटलीच. मुलींसाठी नोकऱ्या वाढल्याचा पुरावा मात्र सापडला नाही. मुख्यतः बदललं होतं ते एवढंच, की खुर्चीत बसलेली बाई रोज दिसत होती.

‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या जवळपास निम्म्या मुलामुलींना आपल्या आवडीच्या कामातली एकही आदर्श व्यक्ती सांगता आली नाही. ती पाहणी ग्रामीण भागातली होती. पण भिवंडीच्या वस्त्यांतली अडचण फार वेगळी असेल, असं मानायला कारण नाही.

इचलकरंजीही यंत्रमागाचंच शहर. तिथे १९८२ पासून डीकेटीईचं वस्त्र-अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, म्हणजे मागाची पदवी मागाच्या खडखडाटाशेजारीच मिळते. १८८७ मध्ये सुरू झालेलं व्हीजेटीआय भिवंडीपासून फार लांब नाही, माटुंग्याला आहे, आणि तिथेही वस्त्रतंत्रज्ञान शिकवतात. पण ज्याचं बालपण सुताच्या धुळीत गेलं, त्या मुलाला हे सांगायचं कुणी? शाळेने सांगितलं नाही, तर घरी सांगणारं कुणी नसतं. आणि मग दोष मुलालाच!

बाकीचे गैरसमजही आहेतच. ‘कलचाचणीत आलं तेच करायचं’: राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीसाठी सुरू केलेली ही चाचणी आवड दाखवायची, नशीब नव्हे. ‘डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगचा रस्ता बंद’: उलट, डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ‘इंग्रजी माध्यम नाही, म्हणजे डॉक्टरकी विसरा’: वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा तेरा भाषांत होते, आणि त्यांत मराठी, उर्दू, तेलुगू या तिन्ही आहेत. भिवंडीच्या मागांवर, गल्ल्यांत आणि वर्गांत याच भाषा ऐकू येतात.