नफा सगळ्यांचा, व्याज कुणाचं?

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवतो. आमच्याकडे विद्यार्थ्यांचं एक उद्योजकता मंडळ आहे. दर शनिवारी दुपारी तास संपले की पंधरा-वीस मुलंमुली एका वर्गात जमतात. एकानं एखाद्या कंपनीची माहिती काढून आणायची, ती सगळ्यांना सांगायची आणि इतरांनी प्रश्न विचारायचे, एवढाच कार्यक्रम. मंडळाचं नाव भारदस्त असलं तरी खर्च फक्त चहाचा.

सुरुवातीची दोन वर्षं या चर्चेचा एक साचा ठरून गेला होता. अमुक उद्योगपतीनं किती लहानशा खोलीत सुरुवात केली, पुढे त्याची उलाढाल किती कोटींवर गेली आणि त्याच्याकडून आपण काय शिकायचं, तर जिद्द, चिकाटी आणि धाडस. मग टाळ्या. पुढच्या शनिवारी उद्योगपती दुसरा, गुण मात्र तेच तीन. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एका दिवाळीनं आमचे डोळे उघडले. ती हकिगत आज सांगतो.

२०१८ साली मुलं म्हणाली, "सर, नुसतं बोलून काय होणार? एकदा काहीतरी विकून बघू." आमच्या जिल्ह्यात बेदाण्याला तोटा नाही. तासगावच्या बेदाण्याची बाजारपेठ तर प्रसिद्धच आहे. तेव्हा ठरलं की साठ किलो बेदाणा घ्यायचा, पाव किलोची पाकिटं करायची आणि दिवाळीत विकायची. खाद्यपदार्थ विकायचे म्हणजे अन्न परवान्याची नोंदणी लागते. आमच्यातल्या एका मुलीच्या आईच्या बचत गटाकडे ती होती, म्हणून पाकिटं भरण्याचं काम त्या गटाकडेच दिलं.

आता आकडे पाहा. बेदाणा १८० रुपये किलोनं १०,८०० रुपयांचा. पिशव्या, चिठ्ठ्या आणि गटाची मजुरी धरून आणखी १,२००. एकूण खर्च १२,००० रुपये. बारा मुलांनी प्रत्येकी ५०० रुपये घातले, त्याचे ६,००० झाले. उरलेल्या ६,००० रुपयांचा माल व्यापाऱ्यानं माझ्या शब्दावर पंधरा दिवसांच्या उधारीनं दिला. पाकिटं झाली २४०, किंमत ठेवली ६५ रुपये. म्हणजे विक्री १५,६०० रुपयांची आणि नफा ३,६०० रुपये. फळ्यावर हा हिशेब मांडला तेव्हा वर्गात केवढा आनंद झाला होता!

चाळीस पाकिटं शिक्षकांनी आणि पालकांनी रोखीनं घेतली. उरलेली दोनशे गावातल्याच एका संस्थेनं कर्मचाऱ्यांना दिवाळी भेट म्हणून एका फटक्यात उचलली. बिल १३,००० रुपयांचं. "पैसे दिवाळीनंतर देतो," असं त्यांनी सांगितलं. संस्था नावाजलेली, पैसे बुडणार नाहीत, असं म्हणून माल द्यायला मीच होकार दिला.

पैसे बुडाले नाहीत, पण ते आले फेब्रुवारीच्या मध्याला. कधी सही करणारे साहेब बाहेरगावी, कधी बिलाची प्रत सापडत नाही, कधी सभा व्हायची आहे. दरम्यान नोव्हेंबरच्या मध्याला व्यापाऱ्याचे पंधरा दिवस भरले. द्यायचे होते ६,००० आणि हातात होते २,६००. ज्या व्यवहारात आम्ही ३,६०० रुपये कमावले होते, त्याच व्यवहारात ३,४०० रुपये कमी पडत होते. दोन-तीन दिवसांनी मुलांनी सांगितलं, "सर, व्यवस्था झाली." कुठून झाली, हे मी विचारलं नाही. ही माझी चूक.

फेब्रुवारीत धनादेश वटला. उसने घेतलेले ३,४०० फेडले, मुलांचे ६,००० परत केले आणि राहिलेले ३,६०० रुपये बारा जणांत वाटायला बसलो. प्रत्येकी ३००. तेवढ्यात जिच्या आईच्या गटात पाकिटं भरली होती, ती मुलगी उठून उभी राहिली. वर्गात क्वचितच बोलणारी पोर. म्हणाली, "सर, ते ३,४०० रुपये माझ्या आईनं गटातून कर्ज काढून दिले होते. शेकडा दोन रुपये महिना व्याजानं. तीन महिन्यांचे २०४ रुपये तिनं आपल्या मजुरीतून भरले. नफा सगळ्यांचा आणि व्याज एकट्या आईचं, असं कसं?"

वर्ग एकदम गप्प झाला. वीस वर्षं मी मुलांना नफा-तोटा पत्रक शिकवत होतो. 'येणी' आणि 'देणी' हे शब्द हजार वेळा फळ्यावर लिहिले असतील. पण येणं लांबलं की ते कुणाच्या तरी घरातलं देणं होतं, हे त्या दिवशी त्या मुलीनं मला शिकवलं. आम्ही आधी २०४ रुपये बाजूला काढले. उरले ३,३९६. प्रत्येकाच्या वाट्याला ३०० ऐवजी २८३ रुपये आले. सतरा रुपयांचा फरक. पण खरा हिशेब तोच होता.

तेव्हापासून आमच्या मंडळात कोणतीही कंपनी चर्चेला आली की तीन प्रश्न विचारायचे, असा नियम झाला. पहिले पैसे कुणाचे होते? घातलेला पैसा परत यायला किती दिवस लागले? आणि धंदा बुडाला असता तर तोटा कुणाच्या दारात गेला असता? मजा अशी, की हे प्रश्न विचारू लागल्यावर पाठ झालेल्या कथाही नव्यानं कळू लागल्या.

आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले, हे मुलांना माहीत होतं. पण लोखंडानं जमीन विषारी होईल, या समजुतीनं शेतकरी त्या नांगराला हात लावत नव्हते आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, हे आता नजरेत भरलं. नांगर घडवला त्या दिवशीच लोखंडाचे आणि मजुरीचे पैसे खर्च झाले होते. एका मुलानं विचारलं, "सर, आपण तीन महिन्यांत घायकुतीला आलो. त्यांनी दोन वर्षं कशी काढली?" हाच खरा प्रश्न. कडबा कापायची यंत्रं खपत होती, म्हणून नांगराला थांबता आलं. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी कारखान्यासाठी जागा दिली आणि दहा हजार रुपयांचं कर्जही दिलं, म्हणून किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांची चिकाटी तर होतीच, पण चिकाटीला दम धरणारा पैसा लागतो. तो पैसा कुठून आला, हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही.

दुसरं उदाहरण लिज्जत पापडाचं. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणींनी पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. भांडवल होतं ८० रुपये आणि ते छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. तोटा आला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, असं त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. आम्ही मंडळात सर्वांत जास्त वेळ बोललो ते मात्र निराळ्याच गोष्टीवर. लिज्जतमध्ये पापड लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची सभासद असते. नफ्यातही तिचा वाटा आणि तोट्यातही. आमच्या त्या मुलीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या सात जणींनी कधीच देऊन ठेवलं होतं.

तिसरा प्रश्न तोट्याचा. 'लिमिटेड' हा शब्द कंपनीच्या पाटीवर आपण रोज वाचतो, पण त्याचा अर्थ क्वचित कुणी विचारतो. दोघांनी साधी भागीदारी केली आणि धंदा बुडाला, तर देणेकरी भागीदाराच्या घरापर्यंत येऊ शकतात. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार तिथली जबाबदारी अमर्याद असते. मर्यादित कंपनीत मात्र भागधारकानं भाग घेताना जेवढी रक्कम कबूल केली, तेवढंच त्याचं नुकसान. त्याचं घर, शेत, दागिने सुरक्षित. किर्लोस्कर बंधूंची पेढी १९२० साली अशी मर्यादित कंपनी झाली. आता तर २०१३ च्या कायद्यानं एकट्या माणसालाही कंपनी काढता येते आणि २००८ च्या कायद्यामुळे मर्यादित जबाबदारीची भागीदारीही करता येते.

हे ऐकून मुलं म्हणाली, "मग सगळ्यांनी कंपनीच काढावी!" तेव्हा मला त्यांना पुढचं पान उलटून दाखवावं लागलं. लहान कंपनी कर्जासाठी बँकेत गेली की बँक पुष्कळदा संचालकांची वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केली, की पुढच्या दारानं बाहेर काढलेली जबाबदारी मागच्या दारानं घरात येते. म्हणून सही कुठल्या कागदावर करतोय, हे वाचणं हाही उद्योजकतेचाच भाग आहे.

राहिला उशिरा येणाऱ्या पैशांचा प्रश्न. यासाठी कायदा आहे, हे पुष्कळ लहान कारखानदारांनाही ठाऊक नसतं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ साली केलेल्या कायद्यानुसार, नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सुविधा परिषदाही आहेत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकराच्या नियमातही ही मुदत आली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट खरेदीदाराला मिळत नाही. आमचं मंडळ नोंदणी केलेला उद्योग नव्हतं, त्यामुळे त्याला हा कायदा लागू नव्हता. पण ज्यांना लागू आहे तेही तक्रार करायला कचरतात. कारण उघड आहे. आज व्याज मागितलं तर उद्या गिऱ्हाईक तुटेल, ही भीती. कायदा मुदत ठरवून देतो, पण गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं ते आपल्यालाच. म्हणून माल देण्याआधीच तारीख कागदावर लिहून घेणं बरं.

आमच्या मंडळाच्या वहीत आता एक जादा रकाना असतो. वस्तू, नग, किंमत आणि त्यानंतर 'पैसे येण्याची तारीख'. तो रकाना रिकामा असेल तर ती विक्री धरायची नाही, असा मुलांचा दंडक आहे. गेल्या वर्षी एका मोठ्या मागणीला मुलांनी याच कारणासाठी नकार दिला. मला आधी हळहळ वाटली. मग २०४ रुपये आठवले.

ती मुलगी पुढे पदवीधर झाली. आता आईच्या गटाचा हिशेब तीच ठेवते. गट हळद आणि मसाले करतो. परवा बाजारात भेटली तेव्हा सांगत होती, "सर, दुकानदार महिन्याची उधारी मागत होता. मी पंधरा दिवस म्हटलं. तो वीसवर आला." एवढं सांगून ती हसली आणि घाईनं निघून गेली. गटाची वसुली होती त्या दिवशी.

शाळा-महाविद्यालयांत आता ठिकठिकाणी अशी मंडळं निघत आहेत. ती चालवणाऱ्या माझ्या मित्रांना एक सुचवावंसं वाटतं. यशस्वी उद्योजकांना भाषणाला जरूर बोलवा. पण एखाद्या शनिवारी गावातल्या किराणा दुकानदाराला बोलवा, वर्कशॉप चालवणाऱ्याला बोलवा, बचत गटातल्या एखाद्या ताईंना बोलवा. त्यांना जिद्द आणि चिकाटीबद्दल विचारू नका. त्यांची उधारीची वही घेऊन यायला सांगा आणि मुलांना ती वाचू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)