विषाणूने कोणाचा हात धरला? प्रथिनांची संगत ओळखणारा वजनकाटा

२०२० चा उन्हाळा आठवा. लॉकडाऊन होता, आणि आपल्या धाराशिवमध्येही लोक मलेरियाची गोळी, म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, शोधत मेडिकलच्या चकरा मारत होते. "मोबाईलवर आलंय, शास्त्रज्ञांनी सांगितलंय," म्हणत कुणी अब्बांसाठी, कुणी नानीसाठी गोळ्या आणून ठेवल्या. शास्त्रज्ञ तेव्हा नेमकं काय पाहत होते, ते आज समजून घेऊ.

आपल्या पेशींची बहुतेक कामं प्रथिनं करतात, आणि ती सहसा एकमेकांना चिकटून करतात. विषाणू याचाच फायदा घेतो. त्याची प्रथिनं आपल्या प्रथिनांचा हात धरतात आणि आपल्याच पेशीकडून स्वतःचं काम करून घेतात. कोणी कोणाचा हात धरलाय हे कळलं, तर तो हात सोडवणारं औषध शोधता येतं.

पण हे शोधायचं कसं? हजरत ख्वाजा शमसोद्दीन गाजी यांच्या उरुसातली गर्दी डोळ्यांसमोर आणा. एका माणसाच्या कमरेला आधीच दोरी बांधलीय. दोरी हळूच ओढली की तो बाहेर येतो, आणि त्याचा हात धरलेले त्याचे सोबतीही येतात. काही जण मात्र नुसत्या धक्क्याने येतात. म्हणून रिकामी दोरीही ओढून बघतात. तिच्यासोबत जे आले ते सोबती नव्हेत, गर्दी.

प्रयोगशाळेत विषाणूच्या प्रथिनाला अशीच खूण जोडतात. बाहेर आलेल्या प्रथिनांचे ट्रिप्सिनने तुकडे करतात. आपल्या आतड्यात अन्नातली प्रथिनं तोडणारं हेच ते ट्रिप्सिन. मग मास स्पेक्ट्रोमीटर त्या तुकड्यांना विद्युतभार देतो आणि त्यांचं वजन अतिशय बारकाईने मोजतो. वजनं जुळवून संगणक प्रथिनाचं नाव सांगतो. प्रथिनांसारखे मोठे रेणू असे मोजता यावेत यासाठीच्या पद्धती शोधणाऱ्या जॉन फेन आणि कोइची तनाका यांना २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तनाका तेव्हा एका कंपनीत इंजिनिअर होते, पीएचडी नव्हते.

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी कोरोनाच्या २९ पैकी २६ प्रथिनांना अशी दोरी बांधली. मानवी प्रथिनांशी ३३२ जोड्या सापडल्या. त्यावरून त्यांनी आधीच माहीत असलेली काही औषधं तपासली. पेशींवरच्या प्रयोगात विषाणूला रोखताना दिसलेल्यांत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनही होतं.

पण बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत १,५६१ रुग्णांना ही गोळी दिली. जून २०२० मध्ये निकाल आला: दवाखान्यात दाखल रुग्णांचे मृत्यू तिने कमी झाले नाहीत.

मग ते संशोधन वाया गेलं का? नाही. त्याने संशयितांची यादी दिली, फैसला दिला नव्हता. फैसला रुग्णांवरच्या चाचणीनंतरच होतो. आपण यादीलाच फैसला समजलो.

हे काम फक्त परदेशात होतं असंही नाही. आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेने कस्तुरबा रुग्णालयासोबत कोरोना रुग्णांच्या नमुन्यांतली प्रथिनं याच यंत्रावर अभ्यासली. आपल्या जिल्ह्यातून मुंबई एका रात्रीच्या प्रवासावर आहे. बारावी सायन्सच्या आपल्या मुला-मुलींना हा रस्ताही दाखवूया. आणि पुढच्या वेळी मोबाईलवर "औषध सापडलं" असं आलं, तर आधी एकच विचारूया: माणसांवर तपासलं का?