ताऱ्यांमधल्या वायूत चुना किती?

थंडीच्या दिवसांत रात्री राखणीला गेलात, तर मृग नक्षत्र पाहा. त्याच्या पोटात बाण आहे, एका रेघेत तीन तारे. त्यांतला जो आधी उगवतो, त्याची ही हकीकत.

चुलीत मीठ पडलं की जाळ पिवळा होतो. मिठातल्या सोडियमचा तो रंग. प्रत्येक मूलद्रव्याचे असे ठरीव रंग असतात. उलट, ताऱ्याचा प्रकाश वायूतून आला, तर वायू नेमके आपलेच रंग गिळतो. तो प्रकाश लोलकातून पसरून पाहिला, तर रंगांच्या पट्ट्यात त्या जागी काळी रेघ दिसते.

१९०४ साली हार्टमान नावाचे जर्मन शास्त्रज्ञ हा तारा तपासत होते. दिसायला एक, पण ही एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी. म्हणून तिच्या रेघा पुढेमागे सरकतात. पण कॅल्शियमची, म्हणजे चुन्यातल्या धातूची, रेघ काही जागची हलेना! मग हे कॅल्शियम ताऱ्यात नव्हे, वाटेत आहे. ज्याला आपण पोकळी म्हणतो, तिथे विरळ वायू आहे.

आता तो किती, हे कसं मोजायचं? रेघ जितकी गडद, तितके अणू जास्त. पण इथे एक गोम आहे. पेलाभर पाण्यात शाईचे थेंब टाकत जा. पाणी एकदा काळंकुट्ट झालं, की थेंब वीस की चाळीस, डोळ्यांना कळत नाही. रेघेचंही तसंच. म्हणून त्याच मूलद्रव्याची दुसरी फिकट रेघ शोधून तिच्यावरून हिशेब करतात.

या वायूत सर्वांत जास्त हायड्रोजन. तेव्हा बाकीची मूलद्रव्ये त्याच्या तुलनेत सांगायची. पण हायड्रोजनची मुख्य रेघ अतिनील प्रकाशात पडते, आणि तो आपली हवा अडवते. त्यासाठी दुर्बीण हवेबाहेर न्यावी लागली. १९७२ साली अमेरिकेने ‘कोपर्निकस’ उपग्रह सोडला, त्याने हे काम केले. हायड्रोजनच्या रेडिओलहरीही येतात. त्या आपल्या नारायणगावजवळ खोडद येथल्या मोठ्या तबकड्याही टिपतात.

हिशेब जुळवला, तर सूर्यात हायड्रोजनमागे जेवढं कॅल्शियम आहे, त्याहून या वायूत ते फारच कमी. कित्येक ठिकाणी हजार पटींहूनही कमी! लोखंडाचीही तूट आहे. मग हा माल गेला कुठे? तो वायूतून निघून धुळीच्या बारीक कणांत गोठून बसला आहे. कणांत अडकलेला अणू अशी रेघ उमटवीत नाही, म्हणून तो मोजणीत येत नाही. अशाच वायूतून आणि धुळीतून सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्य व पृथ्वी झाली. तुमच्या हाडांतला चुना त्याच धुळीतून आलेला आहे.