मंडळीतील फूट आणि तिची मुळे

ख्रिस्ती धर्मविचारात पाप हा शब्द चोरी, व्यभिचार किंवा हत्या यांसारख्या उघड कृत्यांपुरता मर्यादित नाही. गर्व, मत्सर, तुच्छता, चहाडी, गटबाजी या मनोवृत्तींचीही गणना तेथे पापातच होते. प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात दुष्कर्मांची जी यादी दिली आहे, तिच्यातील सुमारे निम्मी नावे वैर, कलह, मत्सर, राग, तट अशा, माणसामाणसांतील नाते तोडणाऱ्या गोष्टींची आहेत. आणि ती मूर्तिपूजा व मद्यपान यांच्या पंक्तीला बसविलेली आहेत. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या वृत्तींना एवढे गंभीर का मानले गेले, हे समजण्यासाठी पहिल्या शतकातील करिंथ येथील मंडळीचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. 'मंडळी' हा शब्द येथे मराठी ख्रिस्ती लोकांच्या प्रघातानुसार श्रद्धावंतांचा समुदाय या अर्थाने योजला आहे.

दोन बंदरांचे शहर

ग्रीसच्या मुख्य भूमीला दक्षिणेकडील द्वीपकल्पाशी जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीजवळ करिंथ वसलेले होते. पश्चिमेस लेखियम आणि पूर्वेस किंख्रिया अशी दोन बंदरे त्याला लाभली होती. रोमन सैन्याने इ.स.पू. १४६ मध्ये हे शहर उद्ध्वस्त केले, आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने तेथे नवी वसाहत स्थापन केली. या वसाहतीत मुक्त झालेल्या गुलामांचा भरणा मोठा होता. जुनी सरदार घराणी उरली नव्हती. व्यापारात पैसा मिळवून प्रतिष्ठा संपादन करणे हीच तेथील रीत झाली. कोण कोणाचा आश्रित, कोणाचा गुरू अधिक नामांकित, कोणाला मेजवानीचे बोलावणे आले, अशा गोष्टींवर माणसाचे मोल ठरे.

इ.स. ५० च्या सुमारास पौल या शहरात आला. तंबू तयार करण्याचा धंदा करणाऱ्या अक्विल्ला व प्रिस्किल्ला या यहुदी दांपत्याकडे तो राहिला, त्यांच्याबरोबर काम करू लागला, आणि सुमारे दीड वर्षाच्या वास्तव्यात त्याने तेथे मंडळी स्थापन केली. तो निघून गेल्यानंतर काही वर्षांतच, इफिस येथे असताना, त्याला करिंथहून अस्वस्थ करणारी वार्ता कळली. ख्लोवे नावाच्या स्त्रीच्या घरच्या माणसांनी ती आणली होती. मंडळीत तट पडले होते. कोणी आपण पौलाचे म्हणवीत, कोणी अलेक्झांड्रियाच्या अपुल्लोस या वक्तृत्वसंपन्न उपदेशकाचे, कोणी केफा म्हणजे पेत्राचे. आणि काही जण आपण केवळ ख्रिस्ताचे असे सांगून इतरांहून वेगळेपण मिरवीत. या वार्तेला उत्तर म्हणून लिहिलेले पत्र नव्या करारात करिंथकरांस पहिले पत्र म्हणून समाविष्ट झाले आहे.

फुगलेले मन

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पौल व अपुल्लोस यांच्या शिकवणीत विरोध होता, असे पत्रात कोठेही म्हटलेले नाही. उलट दोघांचे काम परस्परपूरक होते, एकाने लावले आणि दुसऱ्याने पाणी घातले, असाच पौलाचा आशय आहे. तेव्हा फुटीचे कारण मतभेद हे नव्हते. नामवंत गुरूच्या नावाने स्वतःची उंची वाढविण्याची हौस हे ते कारण होते. या हौसेसाठी पौलाने 'फुगणे' या अर्थाचे ग्रीक क्रियापद वापरले आहे. नव्या करारात हे क्रियापद फार थोड्या ठिकाणी येते आणि त्यांपैकी बहुतेक स्थळे याच पत्रात आहेत. फुगलेल्या वस्तूचा आकार वाढतो, पण आत केवळ वारा असतो, हे त्या रूपकातील मर्म.

ज्यांची बाजू विचारदृष्ट्या बरोबर होती, त्यांनाही पौलाने या दोषातून वगळले नाही. करिंथच्या बाजारात देवळातील नैवेद्याचे मांस विकले जाई. मूर्तीला स्वतःचे अस्तित्व नसल्याने ते मांस खाण्यास हरकत नाही, असे काही सुशिक्षित सभासदांचे म्हणणे होते, आणि तत्त्वतः पौलाला ते मान्य होते. परंतु नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या एखाद्या भोळ्या माणसाच्या विवेकाला त्यामुळे ठेच लागत असेल, तर आपण जन्मभर मांसाला शिवणार नाही, अशी भूमिका त्याने घेतली. ज्ञान खरे असूनही ते दुबळ्याला तुडवीत असेल, तर ज्ञानी माणूस अपराधी ठरतो. ख्रिस्ती नीतिविचारातील हा एक मूलगामी सिद्धांत होय.

भोजनातील भेद

या वृत्तीचे सर्वांत क्लेशदायक रूप प्रभुभोजनाच्या प्रसंगी दिसून आले. त्या काळी चर्चच्या इमारती नव्हत्या. मंडळी एखाद्या सधन सभासदाच्या घरी जमत असे, आणि भाकर व द्राक्षारस यांचा विधी प्रत्यक्ष जेवणाशी जोडलेला असे. रोमन घरातील भोजनगृहात साधारणतः नऊ जणांची आसने असत; अधिक माणसे आल्यास त्यांना अंगणात बसावे लागे. दिवसभर राबणाऱ्या गुलामांना व मजुरांना वेळेवर पोचणेही कठीण असावे. पौलाच्या कानी आले ते असे, की काही जण इतरांची वाट न पाहता आपापले जेवण उरकतात; त्यामुळे एक उपाशी राहतो, तर दुसरा पिऊन तर्र होतो.

यजमानाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नसावे. पाहुण्यांच्या प्रतिष्ठेनुसार पान वाढणे हा रोमन समाजातील सर्वमान्य शिष्टाचार होता. पौलाने मात्र हे ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना लज्जित करणे होय, असे म्हटले. आणि असे भोजन प्रभूचे भोजनच नव्हे, असा निर्वाळा दिला.

पुढील अध्यायात शरीर आणि अवयव यांचे प्रसिद्ध रूपक येते. ते त्या काळी नवीन नव्हते. पोटाविरुद्ध बंड करणाऱ्या अवयवांची गोष्ट सांगून मेनेनियस अग्रिप्पाने रोममधील सामान्य जनतेला सरदारांशी जुळवून घेण्यास राजी केले, अशी कथा इतिहासकार लिव्ही याने दिली आहे. तेथे रूपकाचा उपयोग खालच्यांनी वरच्यांविरुद्ध उठू नये एवढ्यासाठी झाला होता. पौलाने त्याचा रोख बदलला. जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक आवश्यक आहेत आणि त्यांनाच अधिक मान दिला पाहिजे, असे त्याने प्रतिपादन केले. प्रीतीविषयीचा सुविख्यात अध्याय याच्या लगेच पुढे येतो. आज तो बहुधा विवाहप्रसंगी वाचला जात असला, तरी मुळात तो भांडणाऱ्या मंडळीला उद्देशून लिहिलेला आहे. प्रीती मत्सर करीत नाही, फुगत नाही, या आशयाची त्यातील नकारात्मक लक्षणे म्हणजे करिंथकरांच्या दोषांचीच उलट बाजूने केलेली गणना होय.

समेटाची वाट

दोष दाखविण्याबरोबरच नव्या करारात समेटाची रीतही सांगितली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार, ज्याच्याकडून अपराध झाला त्याच्याशी प्रथम एकांतात बोलावे. न ऐकल्यास एकदोघांना बरोबर न्यावे. मंडळीपुढे गोष्ट नेणे हा त्यानंतरचा उपाय. चहाडीला वाव राहू नये, हे या क्रमातून सहजच साधते. वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाला आपल्याविरुद्ध कोणाच्या मनात काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असेही त्याच ग्रंथात आहे. आपण दुखावलो गेलो आहोत की नाही, एवढाच प्रश्न नाही. आपण कोणाला दुखावले, हे आठवण्याची जबाबदारीही उपासकावर आहे.

तरीही ही वृत्ती सहजासहजी सुटली नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीकडून क्लेमेंटच्या नावे ओळखले जाणारे एक पत्र करिंथला गेले. काही वडीलजनांना पदच्युत करण्यात आल्याने तेथे पुन्हा फूट पडली होती, आणि या पत्रात काइन व हाबेल यांच्यापासूनचे दाखले देऊन मत्सर हेच कलहाचे मूळ ठरविले आहे. पुढे पोप ग्रेगरी पहिला याने सहाव्या शतकाच्या अखेरीस प्रमुख दोषांची मांडणी केली, तेव्हा गर्व हे त्या सर्वांचे मूळ मानले.

भारतातील कसोटी

भारतीय ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न दोन रूपांत भेटला. त्यांपैकी पहिले म्हणजे पंथभेद. हे भेद युरोप व अमेरिकेतून मिशनऱ्यांबरोबर आले होते. १९१९ मध्ये तरंगमबाडी येथे बिशप व्ही. एस. अझरिया व त्यांचे सहकारी एकत्र जमले, तेव्हा या फुटी आपण निर्माण केलेल्या नाहीत आणि त्या टिकाव्यात अशी आपली इच्छा नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. दीर्घ वाटाघाटींनंतर २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे चर्च ऑफ साऊथ इंडिया, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथांच्या मीलनातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली.

दुसरे रूप जातिभेदाचे होते, आणि ते बाहेरून आलेले नव्हते. तंजावर व आसपासच्या मंडळ्यांत उच्चवर्णीय ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनाचा प्याला आधी घेत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये पत्र पाठवून हा भेद तत्काळ व कायमचा सोडण्याची आज्ञा केली, तेव्हा अनेकांनी तिला कडवा विरोध केला. आज्ञेने प्रथा मोडली नाही. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१६ मध्ये, भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेला दलितांविषयीच्या आपल्या धोरणात जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे नमूद करावे लागले.

परक्यांकडून आलेले भेद करारनाम्याने मिटविता आले. प्याला आधी कोणी घ्यावा हा घरचा वाद मात्र अधिक चिवट ठरला. करिंथच्या अंगणात उपाशी राहिलेला मजूर आणि तंजावरच्या चर्चमध्ये मागे बसलेला सभासद यांच्यामध्ये अठराशे वर्षांचे अंतर आहे. पण पौलाने उपस्थित केलेला प्रश्न दोघांच्याही बाबतीत एकच आहे. मंडळीची एकता तिच्या घटनेतील कलमांवरून नव्हे, तर तिच्यातील सर्वांत दुबळ्या माणसाला भोजनाच्या वेळी कोणती जागा मिळते यावरून ठरते.