तुंगारेश्वर : छायाचित्रण आणि संयम

वसई तालुक्यातील तुंगारेश्वर वनक्षेत्रास २००३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तेथे छायाचित्रणासाठी प्रवेश करण्यास परवानगी आवश्यक असते. म्हणून शाळांनी शिबिराचा मुक्काम अभयारण्याबाहेर ठेवणे इष्ट.

आकाशाच्या छायाचित्रासाठी अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र निवडावी. शहरातील दिव्यांच्या उजेडात मंद तारे लोपतात, हेही विद्यार्थ्यांस दाखवावे. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे तासाला १५ अंश सरकतात. कॅमेरा तिपाईवर ठेवून सुमारे १९ अंश उंचीवरील ध्रुवताऱ्याकडे रोखल्यास दीर्घ प्रकाशनात त्यांचे वर्तुळाकार माग उमटतात.

घरट्याजवळ जाणे, प्रखर झोत टाकणे मात्र कटाक्षाने टाळावे. भेदरलेला पक्षी अंडी सोडून जातो. एखादे छायाचित्र हुकले तरी चालेल. घरटे ओसाड पडता कामा नये.