पहिल्या बेसवर ‘कोण’? बेसबॉलपटूंच्या नावांचे शब्दखेळ

अमेरिकेत बेसबॉल जितका मैदानावर खेळला जातो, तितकाच तो आठवणींतही खेळला जातो. लांबच्या मोटारप्रवासात, पावसाने थांबलेल्या सामन्यात किंवा दोन चेंडूंमधल्या निवांत वेळात तेथील रसिक एक वेगळाच डाव मांडतात. त्याला ना चेंडू लागतो, ना बॅट. लागतात ती केवळ खेळाडूंची नावे. कुणी माशांच्या नावांचा संघ उभा करतो, कुणी एका नावाच्या शेपटाला दुसरे नाव जोडतो, तर कुणी उलटसुलट सारखेच वाचता येणारे आडनाव शोधून काढतो. वरकरणी हा पोरखेळ वाटतो. परंतु कोणाचे नाव लक्षात राहते, कोणाचे विस्मरणात जाते आणि कोणाचे मुळात नोंदवलेच जात नाही, या प्रश्नांची उत्तरेही याच खेळात दडलेली आहेत.

हा छंद बेसबॉलभोवतीच एवढा का फोफावला, याला कारणे आहेत. नॅशनल लीगची स्थापना १८७६ मध्ये झाली. तेव्हापासून एखाद्याच सामन्यात काही क्षण मैदानावर उतरलेल्या खेळाडूचेही नाव दप्तरी नोंदवण्याची परंपरा आहे. सर्वोच्च दर्जाच्या स्पर्धांत खेळलेल्यांची संख्या त्यामुळे २० हजारांहून अधिक भरते. दुसरीकडे मैदानावरच्या जागा मात्र नऊच आणि त्या पक्क्या ठरलेल्या. चेंडू टाकणारा पिचर, तो झेलणारा कॅचर, तीन बेस सांभाळणारे तिघे, दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप आणि सीमेकडचे तीन आउटफील्डर. नावांचा अफाट साठा आणि भरायच्या नऊच चौकटी, ही कोड्यासाठी आदर्श परिस्थिती होय.

माशांचा संघ, पैशांचा संघ

आपल्याकडे वाघ, कोल्हे, सुतार, सोनार अशी आडनावे असतात, तशीच इंग्रजीतही प्राणी, धंदे, रंग यांवरून आलेली आडनावे विपुल आहेत. त्यांतून एकाच विषयाचा संघ रचणे हा या खेळांतला सर्वांत रूढ प्रकार. माशांचा संघ घ्यायचा तर आउटफील्डमध्ये माइक ट्राउट, टिम सॅमन आणि केव्हिन बास, तर पहिल्या बेसवर माइक कार्प. चारही आडनावे माशांची आहेत. यांपैकी सॅमन आणि ट्राउट हे दोघे कॅलिफोर्नियातील एंजल्स या एकाच संघाचे, हा योगायोग तर रसिकांच्या विशेष आवडीचा. सॅमनला १९९३ मध्ये आणि ट्राउटला २०१२ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून गौरवण्यात आले. सॅमन २९९ होमरन काढून निवृत्त झाला. एंजल्सच्या वतीने सर्वाधिक होमरनचा त्याचा हा विक्रम २०२० मध्ये मोडला, तो ट्राउटनेच. एका माशाने दुसऱ्याला मागे टाकल्याची कोटी करण्याची संधी मग कोण सोडणार?

पैशांचा संघही प्रसिद्ध आहे. पहिल्या बेसवर नॉर्म कॅश, दुसऱ्यावर डेव्ह कॅश, तिसऱ्यावर डॉन मनी, शॉर्टस्टॉपला शिकागोचा लाडका अर्नी बँक्स. आउटफील्डमध्ये बॉबी आणि बॅरी बाँड्स हे पिता-पुत्र, म्हणजे साक्षात रोखे! पिचर म्हणून ब्रॅड पेनी. ज्याने त्याने आपापल्या जागी प्रत्यक्ष खेळलेले असले पाहिजे, ही अट येथे महत्त्वाची. रोख रक्कम, बँक, रोखे सारे जमले तरी कॅचरची जागा भरताना भलेभले अडतात आणि जुन्या आकडेवारीची पाने उलटू लागतात.

टोपणनाव चालेल काय, हा या खेळातला नेहमीचा वाद. पिचर कॅटफिश हंटर माशांच्या संघात शोभेल. पण त्याचे मूळ नाव जिम. ‘कॅटफिश’ हे नाव त्याला संघाचे मालक चार्ली फिनली यांनी दिले होते. कडवे खेळाडू त्यामुळे त्याला बाहेर ठेवतात आणि त्याच्या जागी डिझी ट्राउट किंवा त्याचा मुलगा स्टीव्ह ट्राउट यांपैकी एकाला घेतात.

नावांच्या भेंड्या

दुसरा प्रकार आपल्या भेंड्यांच्या अगदी जवळचा. एकाने खेळाडूचे नाव घ्यायचे आणि पुढच्याने त्या आडनावाच्या आद्याक्षराने सुरू होणारे नाव सांगायचे. हँक ॲरन या नावानंतर ‘ए’ अक्षर येते, म्हणून अल केलाइन. केलाइनचे ‘के’, म्हणून केन ग्रिफी. ग्रिफीचे ‘जी’, म्हणून गूस गॉसेज. नाव व आडनाव एकाच अक्षराने सुरू झाले की खेळाची दिशा उलटते, असाही एक नियम आहे. गॉसेजचे नाव घेणारा म्हणूनच शेजाऱ्यावरचे संकट मागच्यावर ढकलतो.

याहून अवघड प्रकारात एकाचे अख्खे आडनाव दुसऱ्याचे पहिले नाव व्हावे लागते. नोलन रायन, रायन हॉवर्ड, हॉवर्ड जॉन्सन ही अशी एक साखळी. तिघेही मोठे खेळाडू. परंतु ‘जॉन्सन’ हे पहिले नाव असलेला खेळाडू चटकन आठवत नाही आणि डाव तेथे अडतो.

क्रीडा समालोचक क्रिस बर्मन यांनी तर दूरचित्रवाणीवर नावांच्या कोट्यांचा कारखानाच उघडला होता. बर्ट ब्लायलेव्हन या पिचरच्या नाव-आडनावामध्ये त्यांनी ‘बी होम’ हे शब्द घातले. झटकन उच्चारल्यास त्यातून ‘अकराच्या आत घरी ये’ अशी आईवडिलांची इंग्रजी ताकीद ऐकू येते. रॉबर्टो ॲलोमारच्या आडनावाआधी ‘रिमेंबर द’ जोडून त्यांनी टेक्सासमधील १८३६ च्या ॲलमोच्या लढाईची घोषणा आठवून दिली.

अक्षरांच्या कसरती

‘रामाला भाला मारा’ हे वाक्य मराठी मुले उलटसुलट वाचून पाहतात. बेसबॉलचे रसिक हीच कसोटी आडनावांना लावतात. टोबी हॅरा याचे आडनाव रोमन लिपीत एच-ए-आर-आर-ए-एच असे लिहितात. ते दोन्हीकडून सारखेच. डिक आणि रॉब नेन हे पिता-पुत्र, मार्क सालास, डेव्ह ऑटो ही याच जातीची नावे. ही गंमत लिपीची आहे, उच्चाराची नव्हे. देवनागरीत ‘नेन’ उलटे वाचल्यास ‘नने’ होते आणि जादू संपते.

वर्णक्रमातही विक्रम असतात. १९५४ मध्ये पदार्पण केल्यापासून हँक ॲरनचे नाव सर्व खेळाडूंच्या यादीत पहिले होते. एप्रिल २००४ मध्ये डेव्हिड आर्ड्स्मा हा पिचर मैदानात उतरला आणि ५० वर्षांचा तो मान गेला. रोमन लिपीत ‘ए’ दोनदा आल्यानंतर दोघांच्याही आडनावात ‘आर’ येतो. पण पुढे आर्ड्स्माचा ‘डी’ ॲरनच्या ‘ओ’च्या आधी येतो. ॲरनचा ७५५ होमरनचा खराखुरा विक्रम बॅरी बाँड्सने २००७ मध्ये मोडला. म्हणजे अक्षरांचा विक्रम तीन वर्षे आधीच गेला होता! यादीच्या दुसऱ्या टोकाला डच झ्विलिंग हा १९१० च्या दशकातला खेळाडू शतकभर ठाण मांडून होता. २०१५ मध्ये टोनी झिच आला आणि झ्विलिंग शेवटून दुसरा झाला.

डग गुझ्ड्झ या कॅचरच्या आडनावात व्यंजनांची अशी गर्दी होती की सहकाऱ्यांनी त्याचे नाव ‘आय चार्ट’, म्हणजे नेत्रतपासणीचा तक्ता, असे ठेवले. जॅरॉड साल्टालामाकिया याच्या आडनावात १४ अक्षरे. ती सदऱ्याच्या पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत कमानीसारखी पसरत. याउलट मेल ऑटचे आडनाव तीन अक्षरांचे. ५११ होमरन काढणारा हा खेळाडू आज अनेकांना ठाऊक आहे तो शब्दकोड्यांमुळे, कारण कोडे रचणाऱ्यांना असे आखूड नाव हवेच असते.

‘कोण’, ‘काय’ आणि ‘ठाऊक नाही’

या साऱ्या परंपरेचा मेरुमणी म्हणजे बड ॲबट आणि लू कॉस्टेलो या विनोदी जोडीचा ‘हूज ऑन फर्स्ट’ हा संवाद. नावांच्या घोटाळ्याचे असे प्रवेश जुन्या रंगभूमीवर आधीपासून रूढ होते. या जोडीने १९३८ मध्ये आपला प्रवेश रेडिओवर सादर केला आणि तो देशभर पोहोचला. त्यातील संघात पहिल्या बेसवरच्या खेळाडूचे नावच ‘कोण’, दुसऱ्यावरच्याचे ‘काय’ आणि तिसऱ्यावरच्याचे ‘मला ठाऊक नाही’ असे आहे. पिचर ‘उद्या’ आणि कॅचर ‘आज’. कॉस्टेलो नाव विचारतात, ॲबट प्रामाणिकपणे नाव सांगतात आणि तरीही उत्तर मिळत नाही.

यातील गोम व्याकरणाची आहे. इंग्रजीत कर्त्याविषयीच्या प्रश्नात शब्दांचा क्रम विधानासारखाच राहतो. त्यामुळे ‘पहिल्या बेसवर कोण आहे’ हा प्रश्नही ठरतो आणि ‘कोण नावाचा माणूस पहिल्या बेसवर आहे’ हे विधानही. मराठीतही ही संदिग्धता बऱ्याच अंशी टिकते, हे विशेष. संवादातील आठ खेळाडूंना नावे आहेत, उजवीकडच्या आउटफील्डरला मात्र शेवटपर्यंत नाव मिळत नाही. या संवादाची सोनेरी तबकडी १९५६ मध्ये कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या संग्रहालयात ठेवण्यात आली. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची २००२ ची पहिली यादी केली, तीतही त्याला स्थान मिळाले.

नावेच झाली कविता

फ्रँकलिन पी. ॲडम्स यांनी १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकात आठ ओळींची एक कविता लिहिली. शिकागोच्या जो टिंकर, जॉनी एव्हर्स आणि फ्रँक चान्स यांच्या नावांचा क्रम हाच तिचा ठेका होता. टिंकर आणि एव्हर्स यांचे आपसात वर्षानुवर्षे बोलणे नव्हते, पण कवितेने त्यांना कायमचे एकत्र बांधले. १९४६ मध्ये तिघांची निवड बेसबॉलच्या सन्मान दालनात एकाच वेळी झाली.

त्याहूनही बोलके उदाहरण व्हॅन लिंगल मंगो याचे. १९३० च्या दशकात ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळलेल्या या पिचरचे नाव विस्मृतीत गेले होते. जॅझ संगीतकार डेव्ह फ्रिशबर्ग यांना त्या नावातला नाद भावला. त्यांनी १९६९ मध्ये केवळ जुन्या खेळाडूंच्या नावांनी बनलेले एक गीत रचले आणि त्याला मंगोचेच नाव दिले. त्याच्याहून सरस ठरलेले कितीतरी पिचर आज कुणाला आठवत नाहीत. मंगो उरला तो नावामुळे.

यादीबाहेरची नावे

नाव असे माणसाला जगवत असेल, तर नाव गाळणे किंवा मोडणे ही साधी गोष्ट उरत नाही. ऑग्डेन नॅश यांनी जानेवारी १९४९ मध्ये ‘स्पोर्ट’ मासिकात बेसबॉलच्या अमर खेळाडूंची पद्यमय बाराखडी लिहिली. ‘यू’ अक्षराला खेळाडू मिळेना, तेव्हा त्यांनी हबेलचा ‘एच’ खुबीने गाळला. ‘एक्स’साठी फॉक्सच्या आडनावातला ‘एक्स’ उचलला. एवढी कसरत केलेल्या त्या यादीत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. जॅकी रॉबिन्सनने वर्णभेदाची भिंत ओलांडली ती १९४७ मध्ये. त्याआधीची अनेक दशके कृष्णवर्णीयांना वेगळ्या लीगमध्ये खेळावे लागले आणि त्यांची नावे अधिकृत यादीबाहेर राहिली.

ही चूक उशिरा सुधारली गेली. १९२० ते १९४८ या काळातील सात ‘निग्रो लीग’ना मेजर लीगचा दर्जा देण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला. २०२४ मध्ये २,३०० हून अधिक खेळाडूंची कामगिरी अधिकृत आकडेवारीत समाविष्ट झाली. त्यामुळे जॉश गिब्सन सरासरीच्या यादीत अग्रस्थानी आला. नावांच्या खेळातही टर्की स्टर्न्स, म्यूल सटल्स, कूल पापा बेल ही मंडळी हक्काने दाखल झाली. पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या संघांना नवे भिडू मिळाले.

नाव मोडण्याचे उदाहरण रॉबर्टो क्लेमेंटे याचे. पोर्तो रिकोच्या या थोर खेळाडूचे नाव अमेरिकी खेळाडू-कार्डांवर अनेक वर्षे ‘बॉब’ असे छापले गेले. स्पॅनिश आडनावांवरील उच्चारचिन्हेही सर्रास वगळली जात. काना-मात्रा चुकली की शब्द बदलतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. स्पॅनिशमध्ये ‘पेन्या’ म्हणजे खडक, पण ‘एन’वरची वळणदार रेघ काढली की उरते ‘पेना’, म्हणजे दुःख. २०१६ मध्ये मेजर लीगनेच सदऱ्यांवर ही चिन्हे लावण्याची मोहीम हाती घेतली.

तैवानचा चिन-लुंग हू २००७ मध्ये डॉजर्सकडून खेळू लागला. इंग्रजी कानाला त्याचे आडनाव ‘कोण’ असेच ऐकू येते. तो पहिल्या बेसवर पोहोचला तेव्हा ज्येष्ठ समालोचक विन स्कली यांनी ॲबट-कॉस्टेलोंची आठवण काढत ते प्रसिद्ध वाक्य अखेर खरे झाल्याचे सांगितले. कोटी निर्विष होती आणि ती गाजली. पण तैवानमध्ये ‘हू’ हे चारचौघांसारखे आडनाव आहे. त्यात हसण्यासारखे काहीच नाही. विनोद नावात नव्हे, ऐकणाऱ्याच्या भाषेत असतो, एवढे भान ठेवले की असा खेळ कुणाला बोचत नाही.

नऊ जागा भरताना कधी महान खेळाडू उपयोगी पडतो, तर कधी एका हंगामापुरता चमकलेला. नावांच्या खेळात दोघांची किंमत सारखीच असते. मैदानाने विसरलेल्या माणसाला तेथे पुन्हा हाक मारली जाते. मात्र त्यासाठी त्याचे नाव आधी कुणीतरी, आणि बिनचूक, लिहून ठेवलेले असावे लागते.